बर्फाची पेटी

फोन ठेवायला त्यांना लाकडी संदूक हवा होता, नक्षीचा.
तो कुरिअरनं वेळेत आलाच नाही,
म्हणून मी आमच्या होडीवरची बर्फाची पेटी आणली.
तीनदा धुतली रिठ्यानं, एकदा लिंबानं,
तरी झाकण उघडलं की बांगडा येतोच.
पाहुणे म्हणतात, किती ऑथेंटिक.

बावीस फोन, रबरानं बांधलेल्या बावीस चिठ्ठ्या.
वहीत नाव, गाव, नंबर, सही.
सोमवार ते शुक्रवार शांतता, खवण्याच्या खाडीकाठी,
जेवणासकट चोवीस हजार.
बाबा वहीत डोकावून म्हणाले,
"माणसां पैशे दिवन उपाशी रवतत?"
उपाशी नाही हो, पेज असते.
आपलीच, उकड्या तांदळाची,
फक्त करवंटीत, आणि वर जास्वंदीची एक पाकळी.

पाकळी ठेवायचं काम माझं.

सगळे माझ्याच वयाचे. चोवीस, सव्वीस, फार तर तीस.
पहाटे ओल्या वाळूत उताणे पडतात
आणि ओजस सर सांगतात, लाटेबरोबर श्वास घ्या.
भरतीला एकाला धाप लागली.

पहिल्या रात्री पेटी झोपू देत नाही.
जाळ्यातून नुकत्या काढलेल्या मासळीसारखी
आत थरथर, थांबून पुन्हा थरथर,
फळीवर शेपटी आपटावी तशी.
दुसऱ्या रात्री कमी.
तिसऱ्या रात्री एखाददुसराच, जीव उरलेला.

त्याच रात्री ती आली,
शाल्मली देवस्थळी, हिंजवडी, चिठ्ठी सतरा.
अनवाणी, केसांत वाळू.
वाटलं, फोन मागेल. मागतात.
हसून नाही म्हणायचं, असा नियम.
ती म्हणाली, नको, देऊ नका.
फक्त जरा बसू का इथे, पेटीजवळ?

मी कुळीथ निवडत होते, निवडत राहिले.
आत काहीतरी घरघरलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं. मी झाकण उचललं.
नऊ नंबर.
मग बराच वेळ नुसती खाडी.
मग पुन्हा. नऊच.

"माझा वाजला का हो, या तीन दिवसांत?"
परत न आलेल्या होडीबद्दल बंदरावर विचारतात,
तसं दुसरीकडे बघत विचारलं तिनं.

नव्हता वाजला.
सतरा नंबर वरच्याच थरात होता,
सोमवारपासून गार.
वाजला की, मी म्हणाले. काल. दोनदा बहुतेक.
कोणाचा?
ते आम्ही बघत नाही.

ती उठून गेली, बरं वाटून की काय, कळलं नाही.
मी वही उघडली, स्वयंपाकघरामागे जाऊन
माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला.
भिंतीपलीकडे, बाबांच्या पेटीत,
सतरा नंबर हलला.
कापला. पुन्हा लावला.
दोनदा म्हणाले होते ना.

शुक्रवारी फॉर्म भरून घेतले.
शांतता पाचपैकी पाच, पेज पाचपैकी चार.
वासाचा रकाना नव्हता,
तरी कुणीतरी कडेला लिहून गेलं: मासे?

मी रिक्षात बॅगा चढवत होते.
ती पडद्याकडे बघत उभी.
बुधवार, रात्री साडेअकरा. दोन्ही कॉल, एकच नंबर.
काल म्हणाले होते मी तिला.
वेळ दिसते, हे मला सुचलंच नव्हतं.

तिनं अंगठा ठेवला,
आणि माझ्या कमरेला खोचलेला फोन
जिवंत बांगड्यासारखा फडफडला.
तिनं मान वर केली नाही.
कापला. पुन्हा लावला.
मी बॅगेचा पट्टा आवळत राहिले,
आवळलेलाच होता.

रिक्षा वळणावर गेली तरी पाठीत एक थरथर होती.

पुढची तुकडी सोमवारी. पेटी उन्हात ठेवलीय उघडी.
बाबा विचारतात,
"पेटी कधी गावतली? सुरमय लागली हा."